खेळाडूचे मोल गुणफलकावर ठरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला की दुसऱ्या दिवशीच्या क्रीडापानावर बहुधा दोनच माणसे उरतात, एक नायक आणि एक खलनायक. ज्याचा झेल सुटला, ज्याची पेनल्टी अडली, ज्याचा पाय घसरला, त्याचे नाव मथळ्यात आणि चेहरा चार कॉलमांत. ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने या सवयीकडे पाहिले तर काय दिसते आणि ती मोडायची तर मैदानावर, घरात, चर्चमध्ये व वृत्तपत्रात नेमके काय बदलावे लागेल, हे मांडण्यासाठी हे पत्र. खेळाडूंमध्ये पाळकीय सेवा करणाऱ्यांपुढे हे प्रश्न रोजचे आहेत. त्यामुळे पत्र थोडे लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग बहुतेक ख्रिस्ती वाचकांना तोंडपाठ असतो. येशू पाण्यातून वर येतो आणि आकाशवाणी होते की हा माझा परमप्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. हे शब्द केव्हा उच्चारले गेले ते पाहा. त्या घटकेपर्यंत येशूने एकही प्रवचन केलेले नाही, एकही रोगी बरा केलेला नाही, एकही शिष्य बोलावलेला नाही. पित्याचा संतोष आधी आला, काम नंतर सुरू झाले. लगेच पुढच्या अध्यायात सैतान येतो आणि म्हणतो, तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक. म्हणजे जे आधीच मिळाले आहे ते करामत करून सिद्ध करून दाखव. येशू नकार देतो. क्रीडाक्षेत्रातला तरुण खेळाडू दर आठवड्याला याच मागणीला सामोरा जातो, फक्त त्याला नकार द्यायची मुभा नसते. आधी पळून दाखव, मग तू आमचा.

यावर हमखास आक्षेप येतो की मग निकालाला काही किंमतच नाही का. आहे, नक्कीच आहे. संघनिवड कामगिरीवरच व्हायला हवी. ती ओळखीवर किंवा दयेवर झाली तर दुसऱ्या खेळाडूवर अन्याय होतो. प्रेषित पौल करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की शर्यतीत धावणारे सगळेच धावतात, पण बक्षीस एकालाच मिळते, म्हणून तुम्हीही मिळवण्यासाठीच धावा. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, त्यामुळे वाचकांना हा दाखला समजावून सांगावा लागला नसेल. पौलाला खेळाडूच्या शिस्तीचे कौतुक आहे. पण त्याच ठिकाणी तो हेही सांगतो की तो मुकुट नाशवंत आहे. तेव्हा कामगिरीवरून संघातली जागा ठरते. माणूस म्हणून मिळणारी वागणूक तिच्यावरून ठरू नये, कारण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे देवाचे प्रतिरूप माणसात निर्मितीपासूनच आहे, ते कुणी मैदानावर कमावलेले नाही.

हा फरक किती लवकर विसरला जातो याचे उदाहरण इंग्लंडचा फुटबॉलपटू बुकायो साका याचे. ११ जुलै २०२१ रोजी वेम्ब्लीवर युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध इंग्लंडची शेवटची पेनल्टी त्याने घेतली आणि इटलीचा गोलरक्षक दोनारुम्मा याने ती अडवली. साका तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याच्यासह रॅशफोर्ड व सँचो या तिन्ही कृष्णवर्णीय खेळाडूंवर त्याच रात्री समाजमाध्यमांतून वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला. पुढच्या युरो स्पर्धेत ६ जुलै २०२४ रोजी स्वित्झर्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात साकाने निर्धारित वेळेत बरोबरीचा गोल केला, नंतर शूटआऊटमध्ये पेनल्टीही मारली आणि 'सारे काही भरून काढले' अशा थाटाचे कौतुक झाले. साका आपली ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे सांगतो, त्यामुळे अनेक ख्रिस्ती मंडळींनीही ही कथा उचलली. पण तिच्यातली चूक लक्षात घ्यायला हवी. भरून काढायचे म्हणजे काय? दुसरी पेनल्टीही अडली असती तर २०२१च्या त्या शिव्या योग्य ठरल्या असत्या का? पराभवानंतर दिलेला आदर पुढच्या यशाच्या हमीवर टेकलेला असेल, तर तोही कामगिरीलाच दिलेला आदर आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिचे. २७ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकच्या सांघिक अंतिम फेरीत तिने व्हॉल्ट या उपकरणावर अडीच पिळांची उडी योजली होती. हवेत गेल्यावर दीडच पीळ झाले, आपण कुठे आहोत हेच तिला कळेना आणि कशीबशी ती पायांवर उतरली. जिम्नॅस्ट याला 'ट्विस्टीज' म्हणतात. डोळे, कान आणि स्नायू यांचा हवेतला ताळमेळ तुटतो. इच्छाशक्तीने तो जागेवर येत नाही, उलट जोर लावला की जास्त बिघडतो. अशा अवस्थेत पुढचे उपकरण करणे म्हणजे मानेवर पडण्याचा धोका पत्करणे. तिने माघार घेतली, संघाला रौप्य मिळाले आणि जगभरातून 'पळपुटी' हा शब्द आला. ज्यांनी तो वापरला त्यांच्यापैकी किती जणांना जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंचीवर दिशा हरवणे म्हणजे काय याची कल्पना होती, देव जाणे. स्वतःचे शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे मानणाऱ्या माणसाला तरी या निर्णयात भ्याडपणा दिसू नये.

इथे एका वचनाविषयी स्पष्ट बोलायला हवे, कारण श्रद्धाळू प्रशिक्षकांच्या तोंडी ते वारंवार ऐकू येते. १ करिंथ ९:२७ मध्ये पौल म्हणतो की मी आपले शरीर कुदलतो (म्हणजे कठोर शिस्तीत ठेवतो) आणि त्याला दास करून ठेवतो. दुखऱ्या गुडघ्यावर सराव करायला लावताना हे वचन फेकले जाते. पण पौल स्वतःच्या शरीराबद्दल बोलतो आहे, दुसऱ्याच्या नाही, आणि ते इंजेक्शन घेऊन फ्रॅक्चरवर धावण्याबद्दल तर मुळीच नाही. शरीर मंदिर आहे, ते तुमच्या मालकीचे नाही, हे त्याच पत्रात तीन अध्याय आधी, ६:१९ मध्ये आहे. दोन्ही वचने एकत्र वाचावी लागतात. दुसरे लाडके वचन फिलिप्पै ४:१३, 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे'. बुटांवर, पट्ट्यांवर, जर्सीखालच्या बनियनवर ते लिहिले जाते आणि अर्थ घेतला जातो तो जिंकण्याचा. पौल हे तुरुंगातून लिहितो आहे, आणि आधीची दोन वचने वाचली तर दिसते की भरपूर असो वा उपासमार असो, दोन्हींत कसे राहायचे ते आपण शिकलो एवढेच सांगतो आहे. हे वचन राखीव बाकावर बसलेल्या मुलासाठी जितके आहे तितके विजेत्या कर्णधारासाठी नाही, असे म्हटले तरी चालेल.

आदर शब्दांत दाखवणे सोपे असते. त्याची खरी परीक्षा दुखापतीच्या वेळी होते, म्हणून डोक्याला लागलेल्या माराचे उदाहरण सविस्तर देतो. कन्कशन, म्हणजे अशा माराने मेंदूला होणारी इजा, होण्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असे नाही, बहुतेक वेळा ती हरपत नाही. टक्कर झाल्यावर खेळाडू उठायला वेळ लावतो, डोके धरतो, तोल सांभाळता येत नाही, गुण किती झाले किंवा कोणता अर्ध सुरू आहे हे सांगता येत नाही, मळमळ होते, उजेड सहन होत नाही. यातले एक चिन्ह दिसले तरी त्याला बाहेर काढायचे आणि त्या दिवशी परत पाठवायचे नाही. 'मी ठीक आहे' हे त्याचे म्हणणे ग्राह्य धरू नये. ज्या मेंदूला मार बसला आहे तोच मेंदू ते उत्तर देत असतो. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायात अशक्तपणा किंवा मुंग्या, मान दुखणे, वाढती गुंगी यांपैकी काही असेल तर थेट रुग्णालय.

त्यानंतर २४ ते ४८ तास तुलनेने विश्रांती. पूर्ण अंधारात पडून राहणे आता सांगितले जात नाही. घरातली हलकी कामे व थोडे चालणे चालते, मोबाइलचा पडदा मात्र या दोन दिवसांत कमीत कमी ठेवावा. पुढे सहा पायऱ्या असतात: रोजची हलकी हालचाल, चालणे किंवा सायकलिंगसारखा एरोबिक व्यायाम, खेळाशी संबंधित एकट्याचा सराव, टक्कर नसलेला सांघिक सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्रास जाणवण्याइतका वाढला तर थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे. विद्यार्थी असेल तर आधी पूर्ण वेळ वर्ग, मग पूर्ण खेळ. घाई का नको, तर मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला की परिणाम फार गंभीर होऊ शकतो आणि कोवळ्या वयात तो जीवघेणाही ठरला आहे. उपांत्य सामना तोंडावर असताना ही सहा पावले पाळणारा प्रशिक्षक खेळाडूचा जो आदर करतो, तो कुठल्याही सत्कारसमारंभात होत नाही.

वजनाचेही तसेच आहे. सर्वांसमोर वजनकाट्यावर उभे करणे, आकडा मोठ्याने वाचणे, 'जड झालीस' असे टोमणे मारणे यातून खेळाडू खाणे तोडतो. व्यायामाच्या मानाने आहार अपुरा पडत राहिला की हाडे, हार्मोन, प्रतिकारशक्ती आणि मन या साऱ्यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असे नाव दिले. मुलींमध्ये तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी न येणे, मुलगा असो वा मुलगी पुन्हा पुन्हा होणारे स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर), सतत सर्दी-ताप, चिडचिड ही चिन्हे आहेत. गंमत म्हणून नव्हे, खरोखर घडते ते असे की सुरुवातीचे काही आठवडे वेळ सुधारते, त्यामुळे सगळे खूश असतात आणि त्रास उशिरा लक्षात येतो. वजन घ्यायचेच असेल तर बंद खोलीत, आरोग्य कर्मचाऱ्याने, कारण सांगून घ्यावे.

याहून गंभीर विषयही टाळता येत नाही. अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने अनेक वर्षे मुलींवर अत्याचार केले. तक्रारी झाल्या होत्या, त्या दाबल्या गेल्या. पदके येत होती आणि संस्थांना नाव टिकवायचे होते. २०१६ मध्ये पीडितांपैकीच एक, रेचल डेनहॉलंडर ही ख्रिस्ती वकील, नाव उघड करून पुढे आली आणि जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक पीडितांनी न्यायालयात निवेदने दिली. शेवटचे निवेदन तिचे होते. एका लहान मुलीचे मोल किती, हा प्रश्न तिने न्यायाधीशांसमोर ठेवला. तिने नासरला क्षमेबद्दलही सांगितले आणि त्याच वेळी कायद्यातली सर्वांत कडक शिक्षा मागितली. क्षमा म्हणजे झाकपाक, हा आपल्या अनेक मंडळ्यांतला, म्हणजे चर्चमधला, समज त्या एका निवेदनाने खोडला. त्याच निवेदनात तिने हेही सांगितले की अत्याचारग्रस्तांची बाजू घेतल्यामुळे तिला आपली मंडळी गमवावी लागली. हे वाचून ख्रिस्ती माणसाची मान खाली जायला हवी.

म्हणून चर्चच्या आवारातल्या क्रीडा शिबिरातही काही नियम लेखी हवेत. अल्पवयीन खेळाडूबरोबर एकटा प्रौढ कधीही बंद खोलीत नसावा, किमान दोन प्रौढ किंवा इतरांना दिसेल अशी जागा असावी. मसाज व तपासणीच्या वेळी पालक किंवा दुसरा प्रौढ हजर असावा. प्रशिक्षकाने मुलाला खासगी संदेश पाठवू नयेत, गटात पालकांसह पाठवावेत. तक्रार कुणाकडे करायची त्याचे नाव व नंबर भिंतीवर असावा आणि तो माणूस त्याच संघाचा प्रशिक्षक नसावा. तक्रार आली की 'आधी प्रार्थना करू या' म्हणून आठवडा घालवू नये. कायद्याने जिथे कळवायचे तिथे त्याच दिवशी कळवावे आणि प्रार्थना त्यासोबत करावी.

संघातून वगळण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. यादी फलकावर लावायची आणि मुलाने गर्दीत आपले नाव शोधायचे, ही क्रूर रीत आहे. यादी लागण्याआधी समोरासमोर, पाच मिनिटे, तीन गोष्टी सांगाव्यात: का वगळले, कशावर काम कर, पुन्हा केव्हा पाहू. कारण कृतीचे असावे, स्वभावाचे नाही. 'चेंडू सुटताना तुझे डोके बाजूला पडते' यावर मुलगा काम करू शकतो, 'तुझ्यात दमच नाही' यावर तो काहीच करू शकत नाही. दुखापतग्रस्त खेळाडूला संघाच्या बैठकीतून व व्हॉट्सअॅप गटातून गळू देऊ नये. लंगडत येणारा मुलगा गुण लिहू शकतो, चित्रीकरण करू शकतो, नव्या मुलाला जागा दाखवू शकतो. एकटेपणा बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, पहिल्या आठवड्यात विचारपूस करणारे पुष्कळ असतात.

पालकांसाठी एवढेच की परतीच्या प्रवासात सामन्याचे विश्लेषण नको. शरीर दमलेले असते, मुलाला आपली चूक तुमच्याआधी माहीत असते आणि गाडीतून उठून जाता येत नाही. जिंकला तरी आणि हरला तरी पहिला प्रश्न एकच असू द्या, भूक लागली का. तांत्रिक बोलणे दुसऱ्या दिवशी, तेही त्याने विषय काढला तर. आठवड्यातून किमान एक पूर्ण दिवस सराव बंद ठेवावा. शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) माणसासाठी झाला, हे वाक्य स्नायूंनाही लागू आहे, आणि बालरोगतज्ज्ञही लहान खेळाडूंना आठवड्यातून एक-दोन दिवस संघटित खेळापासून सुट्टी द्यायला सांगतात.

आता आपल्या मंडळ्यांकडे. पदक जिंकलेल्या मुलीला रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायला बोलावतात, टाळ्या वाजतात, फोटो निघतात. तिच्याच संघातली, लिगामेंट फाटून वर्षभर घरी बसलेली मुलगी मागच्या बाकावर असते आणि तिला कुणी बोलावत नाही. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा देणाऱ्या सभेला तोंडावर सुनावले आहे. पदक ही आजची सोन्याची अंगठी. साक्ष घ्यायचीच तर एक वर्ष ती हरलेल्याची, जायबंदीची, राखीव खेळाडूची घेऊन पाहावी. प्रार्थनेत 'आमच्या संघाला विजय दे' यापेक्षा दोन्ही संघांची नावे घ्यावीत, पंचांचेही. रविवारी सामना असलेल्या मुलांना अपराधी वाटायला लावण्याऐवजी शनिवारी संध्याकाळी किंवा बुधवारी त्यांच्यासाठी वचन व प्रार्थनेची वेळ ठेवता येते.

स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचे नाव या ठिकाणी कुणीतरी काढतेच. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी असल्याने तो धावला नाही, नंतर ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्ण जिंकला, आणि गोष्ट इथे संपवली जाते, जणू देवाने आज्ञापालनाचे पदकाने बक्षीस दिले. पुढच्याच वर्षी तो चीनला गेला, शिक्षक व मिशनरी म्हणून राबला आणि २१ फेब्रुवारी १९४५ रोजी चीनमधल्याच वेइह्सिएन येथील जपान्यांच्या नजरकैद छावणीत मेंदूतील गाठीने वारला. वय ४३. त्या छावणीत तो मुलांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. तिथे ना घड्याळ होते, ना प्रेक्षक. शब्बाथशाळेत मुलांना लिडेल सांगायचा असेल तर ही वीस वर्षेही सांगावीत.

संपादक महाशय, आपल्या हाती असलेल्या काही गोष्टी. 'खलनायक', 'गुन्हेगार', 'नाक कापले' हे शब्द क्रीडापानावरून काढता येतील, चुकीचे वर्णन मात्र तितकेच कठोर व अचूक ठेवून. 'त्याने लेगस्टंपबाहेर सहा चेंडू टाकले' ही टीका आहे, 'त्याने देशाला बुडवले' ही टीका नाही. रडणाऱ्या अल्पवयीन खेळाडूचा जवळून घेतलेला फोटो छापू नये. उत्तेजक द्रव्यात सापडलेल्याची बातमी जरूर छापावी, पण बंदी भोगून तो परतला की प्रत्येक बातमीत त्याच्या नावामागे तो शिक्का नको. आणि निवृत्तीच्या बातमीनंतर त्या माणसाला विसरू नये. बारा-पंधरा वर्षे ज्याचा दिवस दुसऱ्याने आखला, त्याला निवृत्तीनंतर सकाळी उठून काय करायचे तेच कळत नाही. मायकेल फेल्प्ससारख्या २३ सुवर्णपदके मिळवलेल्या जलतरणपटूनेही ऑलिम्पिकनंतरच्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितले आहे. निरोप समारंभाच्या आठवड्यात फोन खूप येतात. मंडळीतल्या कुणीतरी तीन महिन्यांनी एक आणि वर्षाने एक फोन करायचा, तारीख आधीच डायरीत लिहून ठेवायची, आणि बोलताना खेळाचा विषय त्याने काढल्याशिवाय काढायचा नाही.

आपला,
खेळाडूंमध्ये पाळकीय सेवा करणारा एक वाचक